चौथं वर्तुळ

नोव्हेंबरात पोर्तोमध्ये भाजक्या चेस्टनटचा धूर
आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत चढतो
आणि टपाल येतं सव्वानऊला.
पाकिटांत टाचा असतात.
म्हणजे टाचांचं रक्त, कागदावर वाळलेलं,
प्रत्येक कार्डावर चार वर्तुळं,
आठवड्याचंही वय नसलेल्या बाळांची.
'इवल्या पावलाची तपासणी' म्हणतात इथे लोक तिला,
जणू बुटांचं माप घ्यायचंय.

मी ग्रासिएत. एकतीस वर्षं
या वर्तुळांतून तीन मिलिमीटरच्या टिकल्या पाडते.
डागांवरून मला नर्स ओळखू येते :
ब्रागान्साची घाईत, वर्तुळाबाहेर सांडणारी;
बेजाची इतकी नेटकी
की वाटतं, हिने बाळाला आधी हसवलं असेल.

आमच्या मजल्यावर आया येत नाहीत.
झुल्मीरा आली, कारण लिफ्टचं बटण चुकलं.
काखेत बुटांचं खोकं,
खोक्यात सहा वर्षांचे कागद आणि चौकटींची वही.
तिची बेनेदिता दर तापानंतर
एक शब्द हरवून बसायची.
आधी 'शिडी'. मग 'कोंबडी'.
मग, गेल्या फेब्रुवारीत, 'उद्या'.
प्रत्येकापुढे तारीख, आणि ताप किती होता ते.

आठ डॉक्टर झाले होते.
एकाने लिहिलेलं : आई अतिकाळजी करते.
एकाने : वाढेल तशी सुधारेल.
आणि डोंगरांपलीकडच्या त्या दगडी गावात
बायका तिला नावं ठेवत :
चुलतभावाशी लग्न केलं,
दिवस गेले असताना ओढ्यावर गेली,
थोरला दीड वर्षाचा जाऊनही शहाणी झाली नाही.
नावं सगळ्यांनी ठेवली.
नाव कुणी ठेवलं नाही.

मी तिला वर नेलं, डॉक्टर लिओनिल्दकडे.
लिओनिल्द कागदांशी बोलते. त्यात वावगं काही नाही,
तिच्या अभ्यासातली मुलं अकरा, देश पाच,
आणि अकरातली चार आता फक्त कागदावर.
ती वही शेवटापासून सुरुवातीकडे वाचत गेली.
मग पुष्कळ दिवसांनी म्हणाली :
एका अक्षराची चूक आहे. बहुतेक.
एवढी चूक तर कुणाच्याही अंगात खपून जाते.
थोरल्याचं काही आहे का?
झुल्मीराने खोक्याच्या तळातून
एक पिवळा मोजा काढला.
आम्ही हसलो नाही.

कार्डं किती वर्षं ठेवायची याचा नियम आहे.
तो मी पाळला नव्हता, की शीतगृहाने,
यावर फार विचारू नका.
झुल्मीराने तीन ठिकाणी सही केली, पेन दाबून,
आणि मी हातमोजे चढवून खाली गेले.
आदेरितो. मार्च. दोन हजार नऊशे ग्रॅम.
तीन वर्तुळांची चाळण झालेली.
चौथं शाबूत, गंजलेल्या नाण्यासारखं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच यंत्रापाशी हात थांबला :
एवढाच उरला होता मुलगा.

पाडली टिकली.

सहा आठवड्यांनी नाव आलं :
काही अक्षरं, आडवी रेघ, एक आकडा.
भाऊ-बहिणीत चूक तीच, जागा तीच.
औषध नाही. अजून नाही, लिओनिल्द म्हणते,
आणि त्या 'अजून'वर बराच वेळ उभी राहते.
ताप चढू लागला की लगेच सलाईन, कुणाचीही वाट न बघता,
असं पत्र तिने शिक्का मारून दिलं,
रात्रपाळीच्या कुठल्याही डॉक्टरपुढे धरायला.
झुल्मीराने ते नाव दोनदा म्हणून बघितलं,
दुसऱ्यांदा बरोबर.
'उद्या' परत येईल का, तिने विचारलं नाही.

तिने कार्ड बघायला मागितलं.
बघू द्यायचं नसतं. दिलं.
प्लास्टिकच्या पिशवीतूनच तिने
चौथ्या वर्तुळाच्या भोकावर बोट ठेवलं
आणि मला विचारलं, लिओनिल्दला नाही :
टोचताना दुखलं असेल का हो त्याला?

खोटं मला येतं. बेजाची नर्सही आठवली.
पण कार्ड ब्रागान्साचं होतं, कडेने सांडलेलं.
रडला असेल, मी म्हटलं, चांगला जोरात.
रडल्याशिवाय चारही भरत नाहीत.

हो, ती म्हणाली. आवाज मोठा होता त्याचा.